यागामीचे वकील

लाइट यागामी हा खुनी आहे. हे वाक्य लिहिण्याची पाळी यावी हीच खरे तर आश्चर्याची गोष्ट आहे. कारण ज्या ३७ भागांच्या मालिकेचा तो नायक आहे, ती मालिका त्याचे खून एकेक करून, जमाखर्च मांडावा इतक्या बारकाईने आपल्या डोळ्यांपुढे ठेवते. तरीसुद्धा ॲनिमेच्या चाहत्यांची बैठक कुठेही भरो, कॉलेजच्या कट्ट्यावर भरो की कोणाच्या घरी, 'डेथ नोट'चा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत कोणीतरी घसा साफ करून म्हणतोच, "पण काही म्हणा, त्याचे चुकले कुठे?" मग दुसरा मान डोलावतो. तिसरा सांगतो की चूक एवढीच झाली की तो सापडला. या मंडळींना मी यागामीचे वकील म्हणतो. मीही त्यांच्याच पंक्तीतला आहे. ही मालिका मी तीनदा पाहिली आहे आणि चौथ्यांदा पाहण्याची माझी तयारी आहे. म्हणूनच हे भांडण घरातले आहे, आणि घरातले भांडण जरा मोठ्या आवाजातच होते.

ज्या वाचकांचा या जगाशी परिचय नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी रेखाटलेली ही चित्रकथा २००३ ते २००६ या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः येत होती. मॅडहाऊस या संस्थेने तेत्सुरो अराकी यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका केली; ती २००६-०७ मध्ये जपानात दाखवली गेली. यागामी हा शाळेच्या शेवटच्या वर्षातला, परीक्षेत पहिला येणारा, देखणा, नम्र मुलगा. र्‍यूक नावाचा एक यमदूत केवळ कंटाळा आला म्हणून आपली वही माणसांच्या जगात टाकून देतो आणि ती या मुलाला सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून ज्याचे नाव त्या वहीत लिहावे तो माणूस ४० सेकंदांनी हृदय बंद पडून मरतो. मुलगा ठरवतो की दुष्टांना नाहीसे करून नवे जग निर्माण करावयाचे आणि त्या जगाचा देव आपण व्हावयाचे. लोक त्याला 'किरा' म्हणू लागतात. एल नावाचा विक्षिप्त गुप्तहेर त्याच्या मागावर येतो. चित्रगुप्ताची वही ज्यांना ठाऊक आहे अशा आपल्या लोकांना ही कल्पना फारशी परकी वाटू नये. फरक इतकाच की आपला चित्रगुप्त बिचारा हिशेबनीस आहे. मारण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी दाराशी उभ्या असलेल्या एका सद्‌गृहस्थांना वाटेला लावले पाहिजे. हे गृहस्थ म्हणतात, "या वयात कार्टून काय पाहता? आणि असली चित्रे पाहूनच पोरे बिघडतात!" पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. ज्यांनी एकही भाग पाहिलेला नाही त्यांच्याशी चव या विषयावर बोलणे म्हणजे उपास धरलेल्या माणसाशी आमटीत मीठ कमी की जास्त याची चर्चा करण्यासारखे आहे. दुसऱ्याबद्दल मात्र एक सांगावेसे वाटते. कोठे काही अत्याचार घडला की "भर चौकात गोळ्या घाला, खटला कशाला हवा?" असे निरोप सकाळच्या सुविचाराबरोबर मला पाठवणारे जे सात-आठ जण आहेत, त्यांतल्या एकानेही 'डेथ नोट' पाहिलेली नाही. तेव्हा हा रोग जपानातून आला असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घरचे पाणी तपासावे.

आता वकिलांकडे. त्यांचा पहिला युक्तिवाद असा की किरा फक्त गुन्हेगारांनाच मारतो. मंडळी, दुसरा भाग आठवा. लिंड एल. टेलर नावाचा एक माणूस दूरचित्रवाणीवर येतो आणि किराला दुष्ट म्हणतो. बस्स, एवढाच त्याचा अपराध! यागामीला तो माणूस कोण, कुठला, काय केलेला, काहीही ठाऊक नाही. पण त्याचा अभिमान दुखावतो आणि तो नाव लिहितो. पुढे कळते की तो फाशीची शिक्षा झालेला कैदी होता आणि एलने त्याला आमिष म्हणून बसवला होता. पण हे पुढे कळते. लिहिताना यागामीच्या मनात न्याय नव्हता, राग होता. नवे जग निर्माण करण्याच्या प्रतिज्ञेची शाई अजून वाळलीसुद्धा नाही, आणि देवाने आपल्या निंदकाला मारले! पाचव्या भागापर्यंत अमेरिकेच्या तपास खात्याचे १२ माणसे मरतात. त्यांचा गुन्हा काय? ते नोकरी करीत होते.

इथे एलची वकिली मी करतो आहे असा कोणी समज करून घेऊ नये. कैद्याला मरणाच्या तोंडी देऊन सापळा लावणारा, संशयितांना डोळे बांधून आठवडेच्या आठवडे डांबून ठेवणारा हा गृहस्थ काही साधुसंत नव्हे. त्याला न्यायापेक्षा कोडे सोडवण्यात गोडी अधिक. पुष्कळ चाहते यागामी की एल असे दोन तट पाडून भांडतात, आणि त्या धुळवडीत तिसरा माणूस कोणाच्या लक्षातच येत नाही. त्या तिसऱ्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी सातवा भाग. माझ्या मते सगळ्या मालिकेचा निकाल इथे लागतो, आणि तो कोणत्याही तत्त्वचर्चेने लागत नाही, एका साध्या घरगुती कामाने लागतो. यागामीचे वडील पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत, किराच्या तपासात गुंतलेले आहेत. मुलगा त्यांच्यासाठी कपडे घेऊन कचेरीत येतो. किती शहाणा मुलगा! तेथेच त्याला नाओमी मिसोरा भेटते. मेलेल्या तपास-अधिकाऱ्यांपैकी एकाशी तिचे लग्न ठरलेले होते. तिच्या हाती असा धागा लागला आहे की त्याने किरा पकडला जाईल, आणि तो सांगण्यासाठी ती आलेली आहे. ती सावध आहे, खोटे नाव सांगते. मग हा मुलगा तिच्याबरोबर थंडीत रस्त्याने चालू लागतो. तिच्या दुःखाबद्दल हळहळतो, तिच्या बुद्धीची स्तुती करतो, आपण तपासपथकात आहोत अशी थाप मारतो, आणि गोड बोलून तिचे खरे नाव काढून घेतो. ती आत्महत्या करील, आणि प्रेत कोणाला सापडणार नाही, अशी व्यवस्था त्याने वहीत लिहून ठेवली. मग तो तिला सांगतो की किरा मीच. हे सांगण्याची काही गरज होती काय? नव्हती. तिचा चेहरा त्याला पाहावयाचा होता. वकीलसाहेब, इथे कोणता गुन्हेगार शासन पावला?

दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. कथेतल्या जगात गुन्हे झपाट्याने कमी होतात, युद्धे थांबतात. "परिणाम पाहा," असे ते म्हणतात. पाहू या. यागामीने आपल्यामागे काम करण्यासाठी निवडलेला तेरू मिकामी हा सरकारी वकील, म्हणजे खराखुरा वकील बरे का! लहानपणी त्याने छळल्या जाणाऱ्या मुलांची बाजू घेतलेली आहे. दुष्टांना वगळलेच पाहिजे हा धडा तो तेव्हापासून गिरवतो आहे. मूळ चित्रकथेत हा मनुष्य पुढे अशा निर्णयाला येतो की जे आळशी आहेत, आपल्या अंगच्या गुणांचा समाजाला उपयोग करून देत नाहीत, त्यांनाही शासन झाले पाहिजे. यावर यागामीची प्रतिक्रिया काय? हे वाईट आहे, असे त्याला वाटत नाही. त्याला वाटते, फार घाई झाली! आळशांची पाळी यावयाचीच होती, फक्त क्रम चुकला. माझ्यासारख्या दुपारी दोन तास झोपणाऱ्या माणसाने या नव्या जगाचे स्वागत कोणत्या तोंडाने करावे ते वकिलांनीच सांगावे.

आता तो तिसरा माणूस. सोइचिरो यागामी, म्हणजे मुलाचा बाप. चाहत्यांच्या याद्यांत याचे नाव कधी वर येत नाही. त्याला चित्रविचित्र सवयी नाहीत, तो हुशारही बेताचाच. पण मुलावर संशय आला तेव्हा हा बाप म्हणतो, मलाही कोठडीत ठेवा. आणि खरोखरच जाऊन बसतो. दुखण्यातून पुरता उठलेला नसताना दूरचित्रवाणी केंद्रात पोलिसांची गाडी घुसवून फिती ताब्यात घेतो. शेवटी त्याच्याही हाती ती वही येते. समोर मेलो नावाचा गुन्हेगार आहे, त्याचे खरे नाव कळावे म्हणून बापाने आपले उरलेले अर्धे आयुष्य यमदूताला देऊन टाकले आहे. फक्त लिहावयाचे आहे. आणि त्याच्याने लिहवत नाही. त्यातच तो प्राणघातक जखमी होतो. मरताना, वहीच्या नियमांतील एका पळवाटेमुळे, आपला मुलगा किरा नाही अशी त्याची खात्री पटते आणि तो समाधानाने डोळे मिटू पाहतो. चित्रकथेत या क्षणी मुलगा काय करतो? बाप मरण्यापूर्वी मेलोचे नाव लिहून टाकतो की नाही याची त्याला घाई! ज्या वकिलांना परिणामांचा हिशेब आवडतो त्यांनी या खाटेशेजारी उभे राहून तो करावा. मनुष्य चांगला की वाईट हे मला त्याच्या प्रतिज्ञेवरून कधी कळलेले नाही. घरी तो कोणाशी खोटे बोलतो, कोणाला वापरतो, आजाऱ्यापाशी बसला असता त्याचे लक्ष कोठे असते, यावरून बरेच कळते.

यागामीच्याच वयाचा, त्याच्याइतकाच बुद्धिमान दुसरा एक मुलगा मला फार आवडतो. चिका उमिनो यांच्या चित्रकथेवरून शाफ्ट या संस्थेने २०१६ ते २०१८ या काळात दोन हंगामांत केलेल्या 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' या मालिकेतला रेइ किरियामा. सतरा वर्षांचा, शोगी या जपानी बुद्धिबळाचा व्यावसायिक खेळाडू. आईबाप आणि धाकटी बहीण अपघातात गेलेली. नदीकाठी एकटा राहतो. तीन बहिणींच्या एका कुटुंबाने त्याला जेवायला बोलावण्याचा सपाटा लावल्यामुळे तो हळूहळू माणसांत येतो. मधली बहीण हिनाता शाळेत छळल्या जाणाऱ्या मैत्रिणीची बाजू घेते. मैत्रीण शाळा सोडून जाते आणि छळ हिनाताच्या वाट्याला येतो. ही मुलगी घरी येऊन रडते, पण केले ते योग्यच केले, त्याची मला लाज वाटणार नाही, असे रडतारडताच बजावते. हे सारे दुसऱ्या हंगामात भागांमागून भाग सावकाश येते. काही मित्रांना ते रटाळ वाटते. मला त्यातला एकही भाग कमी चालणार नाही.

किरियामाच्या हातात ती वही असती तर? त्या वर्गातल्या चार मुलींची नावे लिहिण्यास किती सेकंद लागले असते? वही नाही, पण त्याचे डोकेही आधी त्याच दिशेला धावते. सामने जिंकावेत, बक्षिसाचे पैसे साठवावेत, वकील करावा, शाळा बदलावी, एका झटक्यात सारे निस्तरावे! त्याचे शिक्षक हायाशिदा त्याला सावरतात: तिला काय हवे आहे ते आधी तिला विचार. मग होते काय, तर ओसाकातला सामना जिंकल्याबरोबर हा पोरगा क्योतोला धावतो. हिनाता शाळेच्या सहलीबरोबर तिथे आलेली, आणि एकटी पडलेली. तिचे पोट दुखत असेल म्हणून हा औषधे घेऊन कामो नदीच्या काठाने तिला शोधत हिंडतो, आणि सापडल्यावर तिच्याजवळ बसतो. पोटदुखीचे औषध! वकीलमंडळी हसतील. जग बदलण्याच्या कार्यक्रमात या गोळ्यांना जागा कोठे?

आणि आता दुसरी वही. योशितोकी ओइमा यांच्या चित्रकथेवरून नाओको यामादा यांनी २०१६ साली क्योतो ॲनिमेशनसाठी केलेला 'अ सायलेंट व्हॉइस' हा चित्रपट. शोको निशिमिया ही बहिरी मुलगी सहावीच्या वर्गात नवीन येते आणि एक वही पुढे करते: माझ्याशी बोलायचे असेल तर हिच्यात लिहा. शोया इशिदा हा पोरगा तिची टवाळी करतो, तिची कानातली यंत्रे एकामागून एक मोडतो, ती वही पाण्यात फेकतो. यंत्रांचे १७ लाख येन शोयाची आई भरते. प्रकरण अंगावर आल्यावर सारा वर्ग, शिक्षकांसह, शोयाला एकट्याला पुढे करून मोकळा होतो. जणू बाकीचे कोणी हसलेच नव्हते! पुढे वर्षानुवर्षे हा मुलगा कोणाच्या तोंडाकडे पाहू शकत नाही. तो खुणांची भाषा शिकतो, काम करून आईचे पैसे फेडतो आणि ती भिजून सुकलेली वही तिची तिला परत नेऊन देतो. यमदूताच्या वहीत नाव लिहिले की त्या माणसाशी बोलणे संपले. या वहीत कोणी काही लिहिले तरच बोलणे सुरू होणार. शोयाचे पुढचे सारे प्रयत्न ओबडधोबड आहेत, त्यांतले निम्मे फसतात, एक-दोनदा तर तो जुन्या मित्रांना फार लागेल असे बोलतो. त्याने सगळ्यांचे सगळे भरून निघते असेही चित्रपट म्हणत नाही. शोयाच्या आईबद्दल मात्र चाहत्यांनी अधिक बोलावयास हवे. मुलाने केलेल्याची भरपाई न कुरकुरता करणारी आणि नंतर त्याला फैलावर घेणारी अशी दुसरी आई या चित्रांच्या जगात मला चटकन आठवत नाही.

नावांच्या याद्यांवरून आठवले. मी पूर्वी राहत होतो त्या सोसायटीत थकबाकीदारांची नावे जिन्याजवळच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिण्याची प्रथा होती. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारबांचे नाव लागले. त्यांनी पैसे भरलेले होते. पावती त्यांच्यापाशी होती. खजिनदारांच्या वहीत रक्कम दुसऱ्याच्या खाती पडली होती. आठ दिवस ते नाव फळ्यावर होते, आणि आठ दिवस म्हातारबा भाजी आणायला पहाटे लवकर जात होते. नवव्या दिवशी कोणीतरी ओल्या फडक्याने नाव पुसले. दिलगिरीची ओळ लिहावी, निदान वर जाऊन दोन शब्द बोलावेत, अशी सूचना मी सभेत मांडली तेव्हा मला सांगण्यात आले की नाव पुसले ना, मग झाले! त्या सभेत बसलेल्यांपैकी कोणालाही स्वतःला देव म्हणवून घ्यावयाचे नव्हते. पण लिहिणे आपले काम आणि पुसणे फडक्याचे, ही समजूत मात्र पक्की होती.

वकिलांचा शेवटचा, आणि प्रामाणिकपणे मांडलेला, मुद्दा असा की न्यायालये वर्षानुवर्षे लावतात, साक्षीदार फुटतात, पैसेवाले सुटतात. मग माणसाने किराची वाट पाहू नये तर काय करावे? यातली तक्रार खरी आहे. आपल्याकडच्या न्यायालयात एखाद्या दिवाणी दाव्याच्या तारखेला ज्याने दिवस काढला आहे त्याला ती खोटी म्हणता येणार नाही. पण औषधाचे काय? ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ एका भयंकर गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्या आठवड्यात चाहत्यांच्या बैठकीत किराचे नाव मी जितक्या वेळा ऐकले तितके पूर्वी कधी ऐकले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा आयोग नेमला. २०२२ साली आयोगाने सांगितले की चकमकीची हकीकत विश्वासार्ह नाही, गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. फुले उधळणाऱ्यांपैकी कोणी हा अहवाल वाचला असेल असे मला वाटत नाही. बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी २०२४ साली पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला तेव्हा पुन्हा पेढे वाटले गेलेच.

याच्या शेजारी मला दुसरी हकीकत ठेवावयाची आहे, आणि ती 'अ सायलेंट व्हॉइस' काढणाऱ्यांचीच आहे. १८ जुलै २०१९ रोजी एका माणसाने क्योतो ॲनिमेशनच्या इमारतीत पेट्रोल ओतून आग लावली. आपली कथा चोरली असा त्याचा भ्रम होता. ३६ माणसे मेली. ज्यांच्या हातांनी ही चित्रे काढलेली होती ती माणसे. आग लावणारा स्वतःही शरीराचा सुमारे ९० टक्के भाग भाजून मरणाच्या दारी होता. डॉक्टरांनी महिनोन्‌महिने खपून त्याला जगवला. २०२३ च्या सप्टेंबरात खटला उभा राहिला आणि २५ जानेवारी २०२४ रोजी क्योतोच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. फाशीबद्दल माझे मत निराळे आहे. तो वाद इथे नको. खटल्यात अनेक मृतांची नावे, कुटुंबीयांच्या इच्छेप्रमाणे, उच्चारली गेली नाहीत. आणि नातेवाइकांनी समोरासमोर आरोपीला प्रश्न विचारले: आत माणसे आहेत, त्यांना घरे आहेत, मुले आहेत, याचा विचार तू केला होतास काय? चाकाच्या खुर्चीत बसून त्याला त्यांची उत्तरे द्यावी लागली. त्या जुलैच्या दिवशी, चाळिसाव्या सेकंदाला त्याचे हृदय बंद पडले असते, तर या लोकांनी आपले प्रश्न कोणाला विचारावयाचे होते?